मुरहोचे मंडल : बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांची राजकीय वाटचाल

दहावीच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक चूक मला जवळजवळ दरवर्षी भेटते. विद्यार्थी ‘मंडल आयोग’ असे न लिहिता ‘मंडळ आयोग’ असे लिहितात. शिक्षण मंडळ, पाणीपुरवठा मंडळ, गणेश मंडळ, तसेच हे एखादे मंडळ असावे अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. मी लाल शाईने ‘ळ’चा ‘ल’ करतो आणि अर्धा गुण कापत नाही, कारण दोष केवळ त्यांचा नाही. ज्या गृहस्थाच्या नावाने या देशाचे राजकारण दोन भागांत वाटले गेले, मंडलपूर्व आणि मंडलोत्तर, तो गृहस्थ कोण होता, कोठला होता, कोणाच्या पोटी जन्मला, हे मोठ्यांनाही ठाऊक नसते. काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहात मुलाचा प्रवेश घेण्यासाठी आलेल्या एका पालकांनी अर्जातील जातीच्या रकान्यावर बोट ठेवून मला हाच प्रश्न विचारला होता. ते इतर मागासवर्गीय समाजातील होते. थोरल्या मुलीला केंद्र सरकारच्या नोकरीत सत्तावीस टक्क्यांतून जागा मिळाली होती. मात्र ते सत्तावीस टक्के आले कोठून, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी प्रवेशाची गर्दी होती आणि माझे उत्तर अपुरे राहिले. स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर देत आहे.

बिहारच्या ईशान्य भागात कोसी नदीचा प्रदेश आहे. ही नदी शतकानुशतके पात्र बदलत आली. आज जेथे भाताचे शेत तेथे उद्या वाळू, आज जेथे गाव तेथे उद्या पाणी, असा तेथील माणसांचा अनुभव. या प्रदेशातील मधेपुरा हे त्या काळी भागलपूर जिल्ह्यातील एक छोटे गाव होते आणि त्याच्या जवळ मुरहो. मुरहोचे जमीनदार रासबिहारी लाल मंडल हे यादव समाजातील होते. मोठी जमीनदारी, अनेक भाषांची जाण, काँग्रेसच्या आरंभीच्या काळातील बिहारमधील कार्यकर्ते, आणि १९११ मध्ये स्थापन झालेल्या गोप जातीय महासभेचे एक प्रवर्तक, अशी त्यांची ओळख होती. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या वेळी यादव समाजाचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडणाऱ्या शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनी केले आणि सैन्यात यादवांची स्वतंत्र पलटण असावी अशी मागणी केली. त्याच काळात तेथील यादवांनी जानवे घालण्याची चळवळ चालवली आणि उच्चवर्णीय जमीनदारांनी तिला लाठ्यांनी उत्तर दिले. जानव्याने माणुसकी मिळत नाही, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. परंतु ज्यांना जानवे घालण्याबद्दल मार खावा लागला त्यांच्याकडे तुच्छतेने पाहण्याचे आपल्याला कारण नाही. त्यांचा मार्ग चुकला असेल, मागणी सन्मानाचीच होती.

या घरात बिंदेश्वरी प्रसाद हे सर्वांत धाकटे. त्यांचा जन्म २५ ऑगस्ट १९१८ रोजी बनारस येथे झाला, कारण वडील आजारी होते आणि कुटुंब तेथे होते. दुसऱ्याच दिवशी, २६ ऑगस्टला, रासबिहारी लाल यांचे निधन झाले. पितापुत्रांनी या जगात एक दिवस एकत्र काढला. वडिलांचा राजकीय वारसा त्यांच्यापर्यंत आला तो थोरल्या भावांमार्फत. भुवनेश्वरी प्रसाद १९२४ मध्ये बिहार-ओरिसा विधान परिषदेवर निवडून गेले आणि पुढे भागलपूर जिल्हा मंडळाचे अध्यक्ष झाले. (येथे मात्र ते खरोखरच ‘मंडळ’ होते.) दुसरे बंधू कमलेश्वरी प्रसाद हेही विधान परिषदेचे सदस्य झाले. घरात कायदेमंडळाच्या गोष्टी जेवणाच्या पंक्तीत होत असत, असे हे घर होते. ज्या समाजातील बहुसंख्य माणसे दुसऱ्याची गुरे राखत होती, त्या समाजातील हे घर स्वतः जमीनदार होते. ही विसंगती बिंदेश्वरी प्रसाद यांच्या साऱ्या आयुष्यात दिसते आणि त्यांचे चरित्र लिहिणाऱ्याने ती लपवू नये.

प्राथमिक शिक्षण मधेपुऱ्यात आटोपून ते दरभंग्याच्या राज हायस्कूलमध्ये गेले. तेथील वसतिगृहाची एक हकीकत त्यांच्याविषयी आवर्जून सांगितली जाते आणि निवासी शाळेच्या स्मरणिकेत ती यावयास हवी. तेथे उच्चवर्णीय विद्यार्थ्यांना आधी जेवण वाढले जाई. मागास जातींच्या मुलांनी त्यांची पंगत उठेपर्यंत थांबायचे. जमीनदाराचा मुलगा, घरी नोकरचाकर, कपडे चांगले, फी वेळेवर, तरी येथे ताट घेऊन थांबायचे. या मुलाने त्याविरुद्ध तक्रार केली, हट्ट धरला, आणि ती प्रथा मोडावी लागली. आपल्या वसतिगृहात ज्यांनी पहिल्या दिवसापासून एकाच पंगतीत, एकाच वाढप्याच्या हातचे जेवण घेतले, त्या माजी विद्यार्थ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. बाबासाहेबांना शाळेत पाण्याच्या माठाला हात लावता येत नव्हता हे ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना ती क्षुल्लक वाटणार नाही. दोन्ही गोष्टी सारख्या नव्हेत, हेही तितकेच खरे. ताटासाठी थांबवलेला मुलगा आणि शिपाई आल्याशिवाय पाणी न मिळालेला मुलगा यांच्यात अस्पृश्यतेची भिंत आहे. मंडल यांना उतरंडीची एक पायरी कळली. तळची पायरी त्यांना किती कळली, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

पाटण्याला इंटरमीजिएट करून त्यांनी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात इंग्रजी विषयासाठी प्रवेश घेतला, परंतु ते शिक्षण पूर्ण झाले नाही. तेविसाव्या वर्षी ते भागलपूर जिल्हा मंडळावर निवडून आले. पुढे काही वर्षे मानसेवी दंडाधिकारी म्हणून काम केले. स्वातंत्र्य आले, जमीनदारी निर्मूलनाचे कायदे आले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर बिहार विधानसभेत पोहोचले.

मधेपुऱ्याच्या राजकारणात आणखी एक मंडल होते, भूपेंद्र नारायण मंडल. तेही यादव, तेही सधन घरातील, पण डॉ. राममनोहर लोहिया यांचे निष्ठावान सहकारी आणि वृत्तीने साधे. १९५२ मध्ये बिंदेश्वरी प्रसाद यांनी त्यांना हरवले. १९५७ मध्ये त्यांनी बिंदेश्वरी प्रसाद यांना हरवले. १९६२ मध्ये बिंदेश्वरी प्रसाद पुन्हा विधानसभेत आले. एक काँग्रेसचा, दुसरा समाजवादी, आणि दोघेही एकाच जातीचे. मागास जाती एकगठ्ठा मते देतात, असे शहरी सुशिक्षितांचे आवडते मत आहे. त्यांनी या दहा वर्षांचा मधेपुरा पाहावा.

काँग्रेसच्या बाकावर ते दोन वेळा निवडून येऊन बसले. बिहार काँग्रेसमध्ये भूमिहार, राजपूत, ब्राह्मण आणि कायस्थ यांच्या गटबाजीत सत्तेची वाटणी होत असे आणि मागासांच्या वाट्याला उरलेसुरले येई. १९६५ मध्ये त्यांच्या मतदारसंघातील पामा या गावी पोलिसांनी दलित आणि अल्पसंख्याकांवर अत्याचार केले. सत्ताधारी पक्षाच्या आमदाराने अशा वेळी काय करायचे, हे ठरलेले असते. मुख्यमंत्र्यांना खासगीत भेटायचे, चौकशीचे आश्वासन घ्यायचे आणि गावात जाऊन ते ऐकवायचे. मंडल यांनी सभागृहात स्वतःच्या सरकारविरुद्ध तोंड उघडले. गप्प बसण्याचा दबाव आला तेव्हा ते सत्ताधारी बाक सोडून विरोधी बाकांवर जाऊन बसले आणि काँग्रेसला कायमचे सोडून संयुक्त समाजवादी पक्षात आले. त्यांच्या पुढच्या अनेक पक्षांतरांवर टीका करता येते, आणि मी ती करणार आहे. या पहिल्या पक्षांतरावर मात्र टीका करणे कठीण आहे.

संयुक्त समाजवादी पक्ष त्या वेळी मागासांना साठ टक्के जागा मिळाव्यात, ही लोहियांची मागणी घेऊन गावोगाव जात होता. लोहियांच्या साठ टक्क्यांत शूद्र, दलित, आदिवासी, स्त्रिया आणि अल्पसंख्याकांतील मागास असे सर्वच येत. महात्मा फुल्यांच्या शूद्रातिशूद्र या संकल्पनेशी तिचे नाते कळायला फार विद्वत्ता लागत नाही. १९६७ च्या निवडणुकीत बिहारमध्ये काँग्रेसचे बहुमत गेले आणि महामाया प्रसाद सिन्हा यांच्या नेतृत्वाखाली पहिले बिगरकाँग्रेसी सरकार आले. कर्पूरी ठाकूर उपमुख्यमंत्री झाले. मंडल त्या वेळी मधेपुऱ्यातून लोकसभेवर निवडून आले होते. तरीही ते पाटण्यात आरोग्यमंत्री झाले.

येथून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त वर्ष सुरू होते. खासदाराने राज्यात मंत्री होऊ नये, असे लोहियांचे स्पष्ट मत होते. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या व्यक्तीला सहा महिनेच मंत्री राहता येते, म्हणजे कायद्याचीही मुदत होती. पक्षाने मंडल यांना विधान परिषदेवर पाठवले नाही. त्यांनी नमते घेतले नाही. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांनी पक्ष सोडून शोषित दल स्थापन केले. या दलात जगदेव प्रसाद होते. ५ सप्टेंबर १९७४ रोजी कुर्था येथे पोलिसांच्या गोळीने जे मारले गेले, ज्यांना आपल्या चळवळीतील लोक आजही आदराने स्मरतात, ते हेच जगदेव प्रसाद. मागासांची मते घेऊन उच्चवर्णीय नेतृत्वाचे सरकार चालवायचे, हे त्यांना मान्य नव्हते. तो युक्तिवाद खोटा नव्हता. परंतु त्याच मंत्रिमंडळात कर्पूरी ठाकूर होते, आणि शोषित दलाला सत्ता मिळाली ती काँग्रेसच्या टेकूवर. ज्या काँग्रेसला पामाच्या प्रश्नावर मंडल यांनी सोडले होते, तिच्याच बळावर त्यांनी जानेवारी १९६८ मध्ये महामाया प्रसाद यांचे सरकार पाडले. याला सामाजिक न्याय म्हणावे की महत्त्वाकांक्षा, याचा निवाडा मला पूर्णपणे करता येत नाही. दोन्ही होते, असे मला वाटते. मागास जातींतील पुढाऱ्याच्या महत्त्वाकांक्षेला लगेच संधिसाधूपणा म्हणायचे आणि उच्चवर्णीय पुढाऱ्याच्या महत्त्वाकांक्षेला मुत्सद्देगिरी म्हणायचे, ही आपल्या वृत्तपत्रांची जुनी खोड आहे. ती लक्षात ठेवूनही त्या वर्षाचा हिशेब मंडल यांच्या फारसा बाजूने लागत नाही.

मुख्यमंत्री होण्याची रीतही विलक्षण होती. मंडल विधिमंडळाचे सदस्य नव्हते. म्हणून प्रथम शोषित दलाचे सतीश प्रसाद सिंह २८ जानेवारी रोजी मुख्यमंत्री झाले. त्यांच्या सरकारने मंडल यांच्या विधान परिषदेवरील नियुक्तीची वाट मोकळी केली आणि अवघ्या काही दिवसांत ते बाजूला झाले. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मंडल बिहारचे मुख्यमंत्री झाले. सतीश प्रसादांचे ते मोजके दिवस वगळले तर मागास समाजातील माणूस त्या खुर्चीवर बसण्याची ही पहिलीच वेळ होती. काँग्रेसच्या माजी मंत्र्यांवरील आरोपांची चौकशी करण्यासाठी आधीच्या सरकारने अय्यर आयोग नेमला होता. तो गुंडाळावा यासाठी मंडल यांच्यावर दबाव आला, पण त्यांनी तो गुंडाळला नाही. काँग्रेसमधील विनोदानंद झा यांचा गट फुटला आणि मार्चमध्ये, दोन महिनेही पूर्ण होण्यापूर्वी, सरकार कोसळले. २२ मार्च रोजी त्या खुर्चीवर भोला पासवान शास्त्री बसले, बिहारचे पहिले दलित मुख्यमंत्री. पाटण्यातील त्या तीन महिन्यांचा विचार करताना माझ्या मनात नेहमी येते की, सरकारे पाडापाडीच्या या गोंधळातून का होईना, वीस वर्षांत जे झाले नव्हते ते घडले. मागास आणि दलित माणूस मुख्यमंत्री होऊ शकतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

पुढील दहा वर्षे झरझर सांगता येतील. त्याच वर्षी पोटनिवडणूक जिंकून ते लोकसभेत परतले. १९७२ मध्ये पुन्हा बिहार विधानसभेत आले. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनात त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि आणीबाणी उठल्यावर १९७७ मध्ये जनता पक्षाचे खासदार म्हणून मधेपुऱ्यातून दिल्लीला गेले. वय अठ्ठावन्न. एवढ्यावर सारे संपले असते तर बिहारच्या राजकारणावरील पुस्तकांत त्यांना एक परिच्छेद मिळाला असता, आणि तोही फार गौरवाचा नसता.

आता थोडे मागे जावे लागेल. संविधानाच्या ३४० व्या अनुच्छेदाने सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमण्याची तरतूद केली. आयोग नेमला जात नाही, ही बाबासाहेबांची तक्रार होती आणि १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी जी कारणे दिली त्यांत मागासवर्गीयांची ही उपेक्षा होती. हिंदू कोड बिलाचे कारण सर्वांना पाठ असते, हे कारण इतर मागासवर्गीयांनाही ठाऊक नसते. १९५३ मध्ये पहिला आयोग नेमला गेला तो काकासाहेब कालेलकर यांच्या अध्यक्षतेखाली. कालेलकर मूळचे साताऱ्याचे. त्यांच्या आयोगाने १९५५ मध्ये २,३९९ जातींची यादी दिली, आणि अध्यक्षांनीच सोबतच्या पत्रात जातीच्या निकषावर आक्षेप घेतला. ज्याने वाढायचे त्यानेच ताट मागे ओढावे, तसे झाले. सरकारला निमित्त हवेच होते. अहवाल बासनात गेला.

जनता पक्षाने निवडणुकीत या वर्गांना आश्वासन दिले होते. मोरारजी देसाई यांच्या सरकारने १ जानेवारी १९७९ पासून दुसरा मागासवर्ग आयोग नेमला आणि अध्यक्षपद मंडल यांना दिले. बिहारमध्ये त्या वेळी आग पेटली होती. मुंगेरीलाल आयोगाच्या अहवालाचा आधार घेऊन मुख्यमंत्री कर्पूरी ठाकूर यांनी नोव्हेंबर १९७८ मध्ये सव्वीस टक्के आरक्षण लागू केले होते. त्यांत अतिमागासांना बारा, मागासांना आठ, स्त्रियांना तीन आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बळांना तीन अशी विभागणी होती. ते स्वतः न्हावी समाजातील. त्यांच्या जातीवरून अर्वाच्य घोषणा दिल्या गेल्या आणि १९७९ च्या एप्रिलमध्ये त्यांचे सरकार गेले. आपल्याकडेही नामांतराच्या ठरावानंतर जुलै १९७८ मध्ये मराठवाड्यात वस्त्या जळल्या होत्या. आयोगाने काम सुरू केले ते अशा दिवसांत.

आयोगात महाराष्ट्राचा एक माणूस होता, न्यायमूर्ती रा. रा. भोळे. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ मध्ये मुंबई विधानसभेवर निवडून आलेले, आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले हे गृहस्थ. दिवाण मोहनलाल, के. सुब्रमण्यम आणि दीनबंधू साहू हे इतर सदस्य होते. साहू यांनी प्रकृतीमुळे पद सोडले आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये त्यांच्या जागी एल. आर. नाईक आले. सचिव होते एस. एस. गिल.

या आयोगाने काय केले हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण जातीच्या नावाने खिरापत वाटली अशी समजूत अजून आहे. १९३१ नंतर देशात जातनिहाय संपूर्ण गणना झालेली नव्हती. आयोगाने देशातील ४०७ पैकी ४०५ जिल्ह्यांत पाहणी केली, प्रत्येक जिल्ह्यात दोन गावे आणि एक शहरी विभाग. मागासपणा मोजण्यासाठी अकरा निकष ठरवले. चार सामाजिक, प्रत्येकी तीन गुण. तीन शैक्षणिक, प्रत्येकी दोन गुण. चार आर्थिक, प्रत्येकी एक गुण. एकूण बावीस. अकरा किंवा अधिक गुण मिळाले तर ती जात मागास. इतर जाती तिला मागास मानतात का, ती मुख्यतः अंगमेहनतीवर जगते का, मुलींची आणि मुलांची लग्ने कोवळ्या वयात होतात का, स्त्रियांना कामावर जावे लागते का, पाच ते पंधरा वयाची किती मुले शाळेत कधी गेलीच नाहीत, किती मधूनच गळाली, किती मॅट्रिक झाली, किती घरे कच्ची, पिण्याचे पाणी अर्ध्या किलोमीटरपलीकडून आणावे लागते का, घरखर्चासाठी कर्ज काढावे लागते का. या प्रश्नांची यादी वाचताना माझ्यासारख्या शिक्षकाला ती सरकारी वाटत नाही. प्रवेशाच्या दिवशी पालकांसमोर बसून आपण याच गोष्टी विचारतो.

निष्कर्ष निघाला तो असा. ३,७४३ जाती मागास, लोकसंख्येच्या सुमारे बावन्न टक्के. त्यांत हिंदू मागास ४३.७० टक्के आणि इतर धर्मांतील मागास ८.४० टक्के. धर्म बदलला तरी जात पाठ सोडत नाही, हे आयोगाने मान्य केले. बावन्न टक्क्यांना शिफारस मात्र सत्तावीस टक्क्यांची, कारण न्यायालयाने एकूण आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि अनुसूचित जाती-जमातींचे साडेबावीस टक्के आधीच होते. त्या साडेबावीसला हात न लावता उरलेले तेवढे मागितले. याखेरीज जमिनीच्या मालकीचे संबंध बदलल्याखेरीज हे वर्ग मुक्त होणार नाहीत, म्हणून जमीन सुधारणा करा, असेही अहवाल सांगतो. जमीनदाराच्या मुलाच्या सहीखाली ही शिफारस आहे. मागासवर्गीय मुलांसाठी निवासी शाळा काढाव्यात, म्हणजे घरात नसलेले अभ्यासाचे वातावरण त्यांना मिळेल, ही शिफारसही त्यात आहे. नोकऱ्यांच्या शिफारशीवर देश पेटला. जमिनीच्या आणि शाळांच्या शिफारशींवर कोणी चर्चाही केली नाही.

एल. आर. नाईक यांनी मात्र अहवालाशी मतभेद नोंदवला. त्यांचे म्हणणे असे की, जमिनी असलेल्या मध्यम मागास जाती आणि कारागीर, भटक्या, अतिदुर्बळ जाती यांना एकाच यादीत टाकले तर सबळ जाती दुर्बळांच्या तोंडचा घास नेतील. म्हणून दोन याद्या करा. हेच कर्पूरी ठाकूर यांनी बिहारमध्ये केले होते आणि मंडल यांना ते माहीत नसणे शक्य नव्हते. त्यांनी तो मार्ग घेतला नाही. मागासांची फूट पडू नये, हा हेतू असू शकतो. यादव जमीनदारांच्या घरातून पाहिले असता खालच्या पायऱ्यांमधील अंतर दिसले नसावे, हीही शक्यता आहे. मला नाईक यांचे म्हणणे बरोबर वाटते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये रोहिणी आयोग नेमला तो याच प्रश्नासाठी, म्हणजे सदतीस वर्षांनी.

जनता सरकार १९७९ मध्ये गेले. इंदिरा गांधी १९८० मध्ये परत आल्या. आयोगाला मुदतवाढ मिळाली आणि ३१ डिसेंबर १९८० रोजी मंडल यांनी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांना अहवाल सादर केला. आपला अहवालही कालेलकरांच्या वाटेने जाईल, याची जाणीव त्यांना होती असे त्यांना ओळखणारे सांगत. संसदेपुढे तो आलाच नाही. वर्ष गेले, सव्वा वर्ष गेले. १३ एप्रिल १९८२ रोजी हृदयविकाराने मंडल यांचे पाटणा येथे निधन झाले. आपल्या वस्त्यांत त्या संध्याकाळी जयंतीचे निळे पताके लागत होते. ३० एप्रिल रोजी, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा दिवसांनी, अहवाल संसदेत मांडला गेला. त्यानंतरही आठ वर्षे तो कपाटात होता.

७ ऑगस्ट १९९० रोजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी सत्तावीस टक्क्यांची घोषणा केली तेव्हा मी महाविद्यालयात होतो. ते वर्ष आपल्या समाजाला वेगळ्या कारणांनी आठवते. बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले, आणि बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू करणारा कायदा झाला, हे त्याच वर्षी, त्याच सरकारच्या काळात. आमच्या वर्गातील फळ्यावर एके सकाळी बूट पॉलिश करणाऱ्या माणसाचे चित्र काढलेले होते, म्हणजे पदवीधरांवर आता ही वेळ येणार. ज्यांचे बाप खरोखरच तो धंदा करीत होते अशी दोन मुले त्या वर्गात बसली होती. आम्ही मंडलच्या बाजूने मोर्चा काढला. त्या मोर्चात इतर मागासवर्गीय मुले थोडी होती. बहुतेक आम्हीच होतो, ज्यांना त्या आरक्षणातून काहीच मिळणार नव्हते. दिल्लीत विद्यार्थी स्वतःला जाळून घेत होते. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि १६ नोव्हेंबर १९९२ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने उन्नत गट वगळून सत्तावीस टक्के वैध ठरवले. १९९३ मध्ये अंमल सुरू झाला. मंडल जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

त्यांच्या घरातील राजकारण पुढेही चालू राहिले आणि एक पुत्र मधेपुऱ्यातून आमदार झाले. २००१ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. मधेपुऱ्यात विद्यापीठ झाले त्याला मंडल यांचेच नाव आहे, पण ते बिंदेश्वरी प्रसाद यांचे नव्हे, भूपेंद्र नारायण यांचे. बाहेरगावाहून येणाऱ्यांचा येथे हटकून गोंधळ होतो. बिंदेश्वरी प्रसाद यांची समाधी मुरहोला आहे, आणि दरवर्षी २५ ऑगस्टला तेथे माणसे जमतात.